दुखण्याची बातमी

दिवाळी अंकातला टीकालेख म्हटला की तो एखाद्या कादंबरीवर नाहीतर कवितासंग्रहावर असावयाचा, असा संकेत आहे. हा संकेत मोडण्यात काही पराक्रम आहे असे नव्हे. तथापि एक गोष्ट मनात आल्यावाचून राहात नाही. आपल्या घरात जे गद्य सर्वांत अधिक वाचले जाते ते कादंबरीचे नव्हे, वर्तमानपत्राचे. आजोबा ते चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचतात, गृहिणी भाजी निवडता निवडता वाचते आणि मुले शेवटच्या पानापासून आरंभ करतात. कादंबरीतला एखादा प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटला तर आम्ही त्यावर दोन दोन पाने खर्ची घालतो. पण ज्या गद्याच्या भरवशावर माणसे औषध घेतात, गाव सोडतात, शेजाऱ्याला घरात घ्यावे की नाही हे ठरवितात, त्या गद्याची परीक्षा कोणी करीत नाही. ती करून पाहावी एवढाच या लेखाचा हेतू. सगळ्याच बातम्यांचा विचार येथे शक्य नाही. म्हणून एकच जात निवडली आहे, आणि ती म्हणजे दुखण्याची बातमी.

मी वैद्य नाही आणि बातमीदारही नाही. बातमीत जे शास्त्र असते त्याची चिकित्सा वैद्यांनी करावी. बातमीत जी भाषा असते, जे सांगितलेले असते आणि जे गाळलेले असते, त्याची चिकित्सा मात्र लेखनाचा व्यवसाय करणाऱ्या कोणालाही करता येईल, असे मी समजतो.

मराठी वर्तमानपत्रांची या बाबतीतली पहिली मोठी परीक्षा १८९६-९७ साली झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी पाहिला आणि हा प्लेग आहे असे निदान केले. पुढच्या चार-सहा महिन्यांत रोग पुण्यास पोहोचला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. करोनाच्या वेळी, २०२० साली, तोच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला, यावरून त्याचे आयुष्य किती मोठे ते ध्यानी यावे. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर शिरू लागले. देवघरे, माजघरे धुंडाळली जाऊ लागली. अनेक पुढारी शहर सोडून गेले. टिळक गेले नाहीत. त्यांनी हिंदू लोकांसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला आणि 'केसरी'तून शिपायांच्या जुलमावर टीका केली. त्या लेखनामागचे बळ युक्तिवादाइतकेच लेखकाच्या जागेचेही होते. लिहिणारा त्याच गल्लीत राहात होता.

त्याच वर्षाची दुसरी हकीकत मात्र आपण विसरून गेलो आहोत. गोपाळराव गोखले त्या वेळी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये शिपायांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची माहिती दिली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांपैकी कोणी नावानिशी पुढे येईना. ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्यापायी पुष्कळ हेटाळणी सोसली. यावरून पुण्यात काही घडलेच नव्हते असे मात्र कोणी समजू नये. यातून शिकावयाचे ते निराळेच आहे. जे आपण तपासलेले नाही ते छापले, की सत्ताधाऱ्याला खरे दुःखही खोटे ठरविता येते. त्या माफीमुळे ज्यांची घरे खरोखरच विस्कटली गेली होती त्यांची साक्षसुद्धा पातळ झाली.

एकंदरीत, दुखण्याच्या बातमीला दोन गोष्टी लागतात. बातमीदाराने त्या जागी पाय ठेवलेला असावा, आणि ऐकलेले तपासून घेतलेले असावे. ही कसोटी सव्वाशे वर्षांपूर्वीच आपल्या हाती आली होती. तिच्यावर पुढचे लेखन घासून पाहू.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावी प्लेगची लागण दिसली. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झालेला. भीतीने सोडलेल्या घरांत धान्य पडून राहिले, उंदीर माजले आणि पिसवा माणसांपर्यंत आल्या, अशी उपपत्ती तज्ज्ञांनी मांडली. ही केवढी मोठी कथा होती! भूकंपाने न मेलेली माणसे भूकंपाच्या मागून येणाऱ्या रोगाने कशी गाठली जातात, हे सांगण्याची संधी मराठी वर्तमानपत्रांच्या दारात उभी होती. पण सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाचा प्लेग निघाला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. लाखो माणसे सुरत सोडून पळाली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. आखाती देशांनी विमाने थांबविली. मृतांचे आकडे शेकड्यांत छापून येत होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडला तेव्हा देशभरातले मृत्यू ५६ भरले. छप्पन्न माणसे काही थोडी नव्हेत. पण प्लेग हा वेळेवर स्वस्तातले औषध मिळाले तर बरा होणारा रोग आहे, हे वाक्य त्या दिवसांत मथळ्यात यावयास हवे होते. ते आतल्या पानावर, शेवटच्या परिच्छेदात राहिले.

या वेळी मथळ्यांतून जी शब्दसंपत्ती वापरात आली ती आजतागायत तशीच आहे. साथ आली की तिने 'थैमान' घातलेले असते. गावाला तिचा 'विळखा' पडलेला असतो. रुग्ण मृत्यूशी 'झुंज' देत असतो आणि शेवटी तो 'बळी' जातो. डेंग्यू असो, गोवर असो, करोना असो, शब्द तेच. कथालेखकाने प्रत्येक नायिकेचे डोळे टपोरेच लिहिले तर आपण त्याला हसतो. मग प्रत्येक रोग थैमानच घालतो हे आपण का चालवून घेतो? या शब्दांचा दोष केवळ झिजलेपणाचा नाही. त्यांत कर्ताच नसतो. थैमान घालते ती एखादी पिसाट शक्ती. तिथे नळाच्या पाण्यात गटार कोठे मिसळले आणि ते कोणी जोडावयाचे होते, हा प्रश्न उरत नाही.

त्यांतही 'बळी' या शब्दाचा विचार दिवाळीत केलेला बरा. पाडव्याला ज्या बळीचे राज्य यावे असे आपण म्हणतो तो राजा होता आणि आपले सर्वस्व जाणूनबुजून देणारा दाता होता. वर्तमानपत्रातला बळी काही देत नाही. त्याचे घेतले जाते. 'कुपोषणाचे बळी' असे लिहिले की कुपोषण ही जणू एक देवता होते आणि मूल तिच्यापुढे ठेवलेला नैवेद्य. त्या मुलाच्या आईला कामावरून किती दिवसांनी मजुरी मिळाली, हे त्या दोन शब्दांत मावत नाही.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळू. वसई-विरारच्या वाचकाला पालघर जिल्हा म्हणजे लोकल गाडी, इमारती आणि पाण्याचे टँकर एवढाच दिसतो. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून निघालेल्या या जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडाही आहेत. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली शंभराहून अधिक बालके दगावली आणि ते नाव महाराष्ट्रभर झाले. मंत्र्यांच्या गाड्या डोंगर चढून गेल्या. छायाचित्रे आली. काही योजना निघाल्या. मग बातमी थांबली. पुढे २०१६ च्या पावसाळ्यात मोखाडा पुन्हा पहिल्या पानावर आला. वर्षभरात सहाशे बालके गेली असा आकडा छापला गेला आणि त्या बातम्यांवरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य शासनाला नोटीस काढली. वर्तमानपत्रांच्या दडपणाने शासन हलते याचा हा पुरावाच होय, आणि त्याचे श्रेय द्यावयास हवे.

पण त्या आकड्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. असा आकडा छापला गेला की बातमी म्हणते, हे कुपोषणाने मेले. सरकारी उत्तर येते की नाही, कोणी न्यूमोनियाने गेले, कोणी कमी वजनाचे जन्मले, कोणी जंतुसंसर्गाने गेले. कुपोषणाने असे कोणी नाही. दोन्ही बाजू एकमेकींसमोर छापल्या जातात आणि वाचक गोंधळून पान उलटतो. वास्तविक या दोन विधानांत भांडण नाहीच. जगभरात पाच वर्षांखालील मुलांच्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भरल्या अंगाचे मूल ज्या खोकल्यातून चार दिवसांत उठते त्याच खोकल्यात अशक्त मूल जाते. दाखल्यावर लिहितात तो शेवटचा आजार. कुपोषण हे त्या आजाराला दार उघडून देणारे. ज्याला हे एक वाक्य लिहिता आले असते त्या बातमीदाराने सरकारी उत्तराची हवाच काढून घेतली असती. पण त्यासाठी डॉक्टरांशेजारी अर्धा तास बसावे लागते.

आणि आकडा तरी कोणी मोजला? या प्रश्नावर गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी जे काम केले ते पत्रकारांनी धड्यासारखे वाचावे. तेरा संस्थांनी मिळून गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद ठेवली आणि सरकारी दप्तरात त्यांतले कितीतरी मृत्यू येतच नाहीत हे दाखवून दिले. त्या अहवालाचे नाव त्यांनी 'कोवळी पानगळ' असे ठेवले. नाव काव्यमय आहे. पण आतले पान न् पान मोजलेले आहे. त्यांचे दुसरे काम याहूनही मोठे. गडचिरोलीतल्या ३९ गावांतून त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यावयास शिकविले. तिथले नवजात मृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, सुमारे बासष्ट टक्क्यांनी घटले, आणि १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते प्रसिद्ध केले. मूल मेले ही बातमी आहे. मूल वाचले, आणि कसे वाचले, ही त्याहून मोठी बातमी आहे. पण तिला मथळा लवकर मिळत नाही, कारण वाचलेल्या मुलाचे छायाचित्र इतर कोणत्याही मुलासारखेच दिसते.

येथे एक आक्षेप येईल. बातमीदाराला एवढा वेळ कोठे आहे? आक्षेप खरा आहे. तालुक्याच्या गावचा वार्ताहर अनेक ठिकाणी पगारी नोकर नसतो. त्याला मानधन मिळते ते प्रवासखर्चालाही पुरत नाही, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचे काम त्याच्याच गळ्यात असते. ज्या पुढाऱ्याच्या आरोग्य केंद्राविषयी लिहावयाचे त्याच पुढाऱ्याची शुभेच्छांची जाहिरात मागावयाची, अशी त्याची कोंडी. एवढे असूनही मोखाड्यातल्या पाड्यावर चिखल तुडवीत प्रथम पोहोचतो तो बहुधा हाच मनुष्य. दोष द्यावयाचा तर तो त्याच्या मजकुरातला मधला भाग कापून मृतांचा आकडा आणि मंत्र्यांचा दौरा एवढेच शिल्लक ठेवणाऱ्या टेबलाला द्यावा, आणि तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या आपणा वाचकांनाही द्यावा.

शहरातला वाचक स्वतः आजारी पडतो तेव्हा काय होते, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये आपण पाहिले. रेमडेसिव्हिर या इंजेक्शनासाठी माणसे पहाटेपासून रांगा लावून उभी होती. कोणी दागिने मोडले. बातम्यांत त्याला 'जीवरक्षक' म्हटले जात होते. परंतु नोव्हेंबर १९२० नव्हे, २०२० मध्येच, म्हणजे पाच महिने आधी, रुग्णालयात दाखल झालेल्यांना या औषधाने प्राण वाचल्याचा पुरावा नाही, ते वापरू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता. तुटवड्याची बातमी रोज आली. औषधाच्या गुणाची बातमी क्वचित आली. तुटवडा हा डोळ्यांना दिसतो, गुण हा वाचून समजून घ्यावा लागतो. जाहिरातींचे तर विचारूच नये. रोग बरे करण्याच्या चमत्कारी दाव्यांना बंदी घालणारा कायदा १९५४ सालापासून आहे. तरीही पतंजलीच्या औषधांच्या जाहिराती देशभर झळकत राहिल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर एप्रिल २०२४ मध्ये त्याच वर्तमानपत्रांतून माफीच्या जाहिराती आल्या. दावा छापण्याचे पैसे मिळाले, माफी छापण्याचेही मिळाले.

२०२१ च्या त्याच एप्रिलच्या २३ तारखेला पहाटे विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाचे तेरा रुग्ण गेले. आपल्या गावातली गोष्ट. तिच्यावर पानेच्या पाने लिहून आली, आणि त्यांत कळकळ होती. पण ही आग एकटी नव्हती. त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली होती, आणि ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, अहमदनगरच्या रुग्णालयात अकरा रुग्ण गेले. प्रत्येक आग पहिलीच असल्यासारखी लिहिली गेली. प्रत्येक वेळी तपासणीचे आदेश निघाल्याचे आपण वाचले. आदेशानंतरच्या महिन्यात किती रुग्णालये तपासली, किती ठिकाणी तारा बदलल्या, ही बातमी पहिल्या पानावर वाचल्याचे कोणाला आठवते का? पत्रकार पी. साईनाथ यांनी भारतातल्या गरीब जिल्ह्यांत हिंडून जे पुस्तक १९९६ साली लिहिले त्यात हाच मुद्दा आहे : दारिद्र्य ही घटना नसून प्रक्रिया आहे, आणि वर्तमानपत्रांना केवळ घटना दिसते. दुखण्याचेही तसेच आहे.

मग मराठीत दुखण्याविषयी चांगले लिहिलेच गेले नाही काय? पुष्कळ लिहिले गेले, आणि ते आपण अभिमानाने सांगावे. डॉ. अनिल अवचट वैद्यक शिकलेले, पण हाती लेखणी धरलेली. हळद कामगार, विडी कामगार, हमाल यांच्या पाठी, फुप्फुसे, बोटे यांच्याविषयी त्यांनी लिहिले ते कोणी मेल्यावर नव्हे. ती माणसे काम करीत असताना, त्यांच्याजवळ बसून. 'गर्द'ची लेखमाला त्यांनी लिहिली तेव्हा व्यसनी मुलगा हा केवळ नालायक मुलगा नसून आजारी मुलगा आहे, हे मराठी घरांना कळले. पु. ल. देशपांडे यांनी ते वाचून मदत देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. एका लेखमालेने रुग्णालय उभे राहिले. शैली पाहाल तर अलंकार एक नाही, वाक्ये आखूड, प्रश्न साधे. सकाळी किती वाजता येता, जेवता काय, खोकला कधीपासून. बातमीदाराने दुसरे काय विचारावयाचे असते?

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की या जातीच्या दीर्घ लेखनाला दैनिकांपेक्षा दिवाळी अंकांनीच अधिक जागा दिली. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी अशा विषयाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणू नये. हे आपल्या दिवाळीच्या परंपरेतलेच आहे.

आणि दिवाळीशी या विषयाचा आणखी एक संबंध आहे. आपल्या घरचे कंदील उतरतात न उतरतात तोच जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे उचल घेऊन डोंगर उतरू लागतात. टेंपोत भांडी, कोंबड्या, पोरे. कोणी भिवंडीस जातात, कोणी कल्याणकडे, कोणी आपल्या वसईच्या वीटभट्ट्यांवर. तिथे आठवड्याची खर्ची मिळते, तीत जे येईल ते शिजते. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत, मूल मात्र भट्टीवर. त्याचे वजन कोणी करीत नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल धोक्यात आहे असे समजतात. आपल्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडीत मावेल एवढा तो दंड. मृगाच्या आधी ही माणसे परत जातात. पावसात काम नाही, घरात धान्य कमी, पाणी गढूळ. श्रावण-भाद्रपदात मूल जाते. तेव्हा बातमी येते : मोखाड्यात कुपोषणाचा बळी.

ते मूल पौषात आणि माघात आपल्या शेजारी होते. आपली इमारत ज्या विटांची आहे त्या विटांच्या ढिगाऱ्यावर ते बसलेले होते. ती बातमी मोखाड्याची नव्हती, वसईची होती. पण मोखाड्याच्या मथळ्याखाली छापली गेल्याने आपल्याला ती दूरची वाटली. बातमीतले स्थळ चुकले की दयाही चुकीच्या पत्त्यावर जाते, आणि जबाबदारी कोणाच्याच पत्त्यावर जात नाही.

टीकाकाराने शेवटी लेखकाला एखादी सूचना करावी असा प्रघात आहे. माझी सूचना वार्ताहराला आहे आणि ती लहान आहे. यंदा तुळशीच्या लग्नानंतर भट्ट्या पेटल्या की एकदा तिथे जावे. वजनकाटा घेऊन अंगणवाडीताईंना बरोबर न्यावे. किती मुले आली आहेत, कोणत्या पाड्यांवरून आली, त्यांचा आहार त्यांच्यामागून येथवर आला की गावच्या वहीतच राहिला, एवढे विचारावे आणि छापावे. वाचकाला सूचना करण्याचा अधिकार मला नाही. पण अशी बातमी आली तर संपादकाला एक पोस्टकार्ड टाकावे, आणि पुढे काय झाले ते विचारावे. मथळा लहान असेल. त्यात थैमान नसेल, विळखा नसेल, बळीही नसेल. मुले जिवंत असतानाच छापलेली ती बातमी असेल.